मेद्वेद: मध जाणणारा का मध खाणारा?

प्रश्न: ताई, नमस्कार. आमचं गाव धारणी तालुक्यात, मेळघाटात. माह्या पुतण्या रशियात डॉक्टरकी शिकून राह्यला. तो फोनवर सांगत होता का तिकडं अस्वलाले 'मेद्वेद' म्हणतात, मेद म्हंजे मध अन् वेद म्हंजे आपलाच वेद, म्हंजे मध जाणणारा. हे खरं हाय का? अन् हा शब्द आला कुठून?

उत्तर: दादा, पुतण्याचं अर्धं बरोबर आहे. मेद म्हणजे मधच, आपला मधु. पण वेद तिथं नाहीच, कारण शब्द तोडायचा तो 'मेदु' आणि 'एद' असा, आणि एद म्हणजे खाणारा, संस्कृतातला अद् धातू, ज्याच्यातून अन्न शब्द आला तोच. मग मधला व कुठून आला? शाळेत यणसंधी शिकलो ना आपण, मनु अधिक अंतर मन्वंतर, उ च्या पुढं दुसरा स्वर आला की उ चा व होतो, अगदी तेच झालंय इथं. मधु अधिक अद, मध्वद! आणि हे मी ओढूनताणून जुळवत नाहीये, मध्वद हा शब्द ऋग्वेदाच्या पहिल्या मंडळातल्या 164 व्या सूक्तात खरंच आहे, फक्त तिथं तो झाडावरच्या पाखरांसाठी आलाय.

आता शब्द आला कुठून ते. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन या स्लाव लोकांच्या भाषा, सगळ्या बहिणी, त्यांची आई साधारण दीड हजार वर्षांपूर्वी बोलली जायची पण तिच्यात लिहिलेलं काहीच सापडत नाही, म्हणून लेकींचे शब्द शेजारी शेजारी ठेवून आईचा शब्द जुळवतात आणि त्याच्या आधी एक चांदणी काढतात, म्हणजे हा जुळवलेला आहे हे कळावं. मेद्वेदचं जुनं रूपही असंच जुळवलेलं आहे.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते पुढचं. अस्वलाचं खरं जुनं नाव वेगळंच होतं, संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमधे आर्क्तोस, लॅटिनमधे उर्सुस, सगळे एकाच घरचे. स्लाव लोकांनी ते टाकून दिलं, बहुतेक अभ्यासक म्हणतात भीतीपोटी, रानात नाव घेतलं का जनावर समोर येतं म्हणून. आपण नाही का रात्री सापाला लांबडं म्हणत! माझी आजी गडचिरोलीकडची, चैत्रात पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला जायची, टोपली डोक्यावर, अन् आम्ही कोणी अस्वल म्हटलं की लगेच तोंडावर हात ठेवायची, "काळं म्हण बाई, काळं." कारण मोहफुलं त्यालाही आवडतात, तेही त्याच वेळी त्याच झाडाखाली येतं. आणि मोह हा शब्द मधूकवरून आलाय, म्हणजे परत मधुच.

पुतण्यावर रागावू नका, व मुळं तिकडच्या लोकांनाही 'जाणणारा' असंच वाटत आलंय. युक्रेनियनमधे तर शब्दच उलटा झाला, 'वेद्मीद', मध मागं गेला अन् व पुढं आला.