ऑपरेशनला जाताना सीपॅप घरी ठेवू नका

काका, माझ्यासारखाच तुम्हालाही स्लीप ॲप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास मध्येच अडकतो, आणि त्यासाठी तुम्ही सीपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन) लावता. म्हणून गुडघ्याच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना स्वतः भेटा. सर्जनला सांगितलं म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचलं, असं धरू नका. माझ्या वेळी नेमकं तेच राहिलं होतं; ऐनवेळी हिनं आठवण केली म्हणून बरं. स्लीप स्टडीचा (झोपेतल्या श्वासाच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि मशीनचं प्रेशर दाखवा. पूर्ण भूल न देता कमरेत इंजेक्शन देऊन भागेल का, तेही विचारा.

मशीन आणि मास्क नावाची चिठ्ठी लावून सोबत न्या. दुपारच्या डुलकीलाही मास्क हवाच.

मला खरी काळजी वाटते ती वेदनाशामकांची. मॉर्फिन, ट्रामाडॉलसारखी औषधं श्वास मंदावू शकतात. त्यात सीपॅपशिवाय नुसता ऑक्सिजन लावला, की ऑक्सिमीटरवरचा आकडा छान दिसतो आणि श्वास अडकतोय हे उशिरा कळतं. म्हणून ऑक्सिमीटर रात्रभर लावून ठेवायला सांगा, पण नुसत्या आकड्यावर विसंबून सीपॅपचा मास्क काढू देऊ नका. डॉक्टरांनी परवानगी दिली तर पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवा.

पहिली रात्र नीट गेली म्हणून निर्धास्त होऊ नका. तिसऱ्या रात्रीच्या सुमारास त्रास वाढू शकतो, आणि तोवर तुम्ही कदाचित कोथरूडला घरी आलेले असाल. झोपेची गोळी मनानं घेऊ नका. काकूंना आत्ताच सांगून ठेवा: हलवूनही जाग येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच १०८.