पोटातल्याची मूठ

पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आलेला, सकाळी चहा घेता घेता वाचला. पुण्याला स्टेम सेलच्या, म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या बाकी पेशी बनतात त्या मूळ पेशींच्या, लॅबमध्ये पीएचडीला नंबर लागला, आधी त्याचं अभिनंदन घे. आणि आजी रुसलीय, देवाच्या कामात हात घालू नको म्हणते, नीट जेवत पण नाही, त्याचं आता बघू. फोन केला असता तर तू "हो सर, हो सर" करून दोन मिनिटांत विषय गुंडाळला असता, म्हणून लिहितोय.

तू म्हणतेस केळीचं उदाहरण देऊन आजीला गप्प केलं. आपल्या मळ्यात टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये तुकड्यापासून वाढवलेली ग्रँड नैन केळी आहे, सगळी झाडं एकमेकांची क्लोन, हुबेहूब नक्कल, आजीच्या काळात बुंध्याजवळ फुटलेले मुनवे लावायचे ते पण क्लोनच, मग तेव्हा देवाने काही म्हटलं नाही का. बरोबर आहे गं सगळं, पण आजीने केळीबद्दल विचारलंच नव्हतं ना. आणि केळीचंच काढलंस तर तुझ्या पप्पांना विचार, हरण्या आला, म्हणजे तुमचा तो सीएमव्ही व्हायरस, की एका झाडाला जे झेपत नाही ते शेजारच्यालाही झेपत नाही, सगळी बाग एकाच रक्ताची. उपटून फेकताना बघितलंयस तू.

माझं ऐक. क्लोन करून जन्मलेल्या डॉली मेंढीची बातमी फेब्रुवारी १९९७ ला आली (जन्मली होती आदल्या वर्षी ५ जुलैला), मी कॉलेजात पोरांना उड्या मारत सांगितलं आणि घरी येऊन आईला. आई अमळनेरकडची, भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "देवनं काम देवले करू दे, तू ढोरेसले चारा टाक." मी हसलो. नंतर आकडे वाचले, २७७ वेळा पेशी जोडून बघितल्या, त्यातले २९ गर्भ मेंढ्यांच्या पोटात सोडण्याजोगे झाले आणि कोकरू जन्मलं एक. बाकीच्यांचं काय, हे मी झूलॉजी शिकवत असूनही वर्गात कधी विचारलं नव्हतं. आईने आकडे न वाचता तिथेच बोट ठेवलं होतं असं आता वाटतं.

आजीशी बोलताना दोन गोष्टींची खिचडी करू नको. माणसाचा अख्खा क्लोन जन्माला घालणं, यावर भांडणच नाहीये. व्हॅटिकन नाही म्हणतं, जेद्दाच्या इस्लामिक फिकह अकादमीने, म्हणजे मुसलमानांच्या धर्मकायद्याच्या संस्थेने, १९९७ लाच नाही म्हटलं, आपल्या आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) २०१७ च्या गाईडलाईन्समध्ये पण बंदी आहे. भांडण आहे ते पाच दिवसांच्या गर्भावरून. शे-दीडशे पेशींचा गोळा, वाळूच्या कणाएवढा, तो फोडला की स्टेम सेल मिळतात, १९९८ ला अमेरिकेतल्या जेम्स थॉमसन या शास्त्रज्ञाने माणसाच्या गर्भातून पहिल्यांदा काढून वाढवल्या. आता हा गोळा कोण? कॅथलिक चर्च म्हणतं पहिल्या क्षणापासून त्याला माणसासारखंच वागवा, फोडणं म्हणजे जीव घेणं. ज्यूंच्या तालमुद या धर्मग्रंथात चाळीस दिवसांपर्यंत ते नुसतं पाणी, त्यामुळे इस्राईलमध्ये हे काम जोरात चालतं. मुसलमानांत बरेच आलिम, म्हणजे धर्मपंडित, १२० दिवसांनी रूह, म्हणजे आत्मा, येते असं धरतात, इराणमध्ये तर रोयान इन्स्टिट्यूटमध्ये गर्भाच्या स्टेम सेलवर काम होतं, आपल्याकडे हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

आणि आपलं? आपलं सगळ्यात गमतीशीर. चरकसंहिता म्हणते शुक्र-शोणित एकत्र येतं तेव्हाच जीव उतरतो. गर्भोपनिषद म्हणतं सातव्या महिन्यात. आणि सुतकाचे नियम काढून बघ, चौथ्या महिन्यापर्यंत गेला तर स्राव, पाचव्या-सहाव्यात पात, पुढे प्रसूती आणि दहा दिवस. म्हणजे जीव कधी उतरतो यावर पोथ्या काहीही म्हणोत, सुतक पाळणाऱ्या घरांनी गर्भाचं वजन महिन्यागणिक वाढतं धरलंय. तुमच्या लॅबमध्ये चौदा दिवसांची रेघ आहे, त्यापुढे गर्भ वाढवायचा नाही, ती पण १९८४ ला इंग्लंडमध्ये वॉर्नॉक समितीने बसून ठरवलेली, देवाने आखून दिलेली नाही. सुतकाच्या पायऱ्याही तशाच कोणीतरी विचार करून घातलेल्या असणार.

फक्त एक करू नको, गांधारीच्या तुपाच्या घड्यांचा तो व्हॉट्सॲप फॉरवर्ड आजीला दाखवू नको. शंभर कौरव म्हणजे आपलं क्लोनिंग, म्हणजे सगळं चालतं, असलं. ती गोष्ट आहे, परवाना नाही. आणि त्याच हिशोबाने रक्तबीज पण क्लोनच ना, थेंबागणिक नवा, मग देवीने काय केलं ते आजी सप्तशृंगीला पायी जाऊन आलेली आहे, ती तुलाच सांगेल.

यामानाकांचं सांग तिला. जपानी डॉक्टर. मित्राच्या आयव्हीएफ क्लिनिकमध्ये मायक्रोस्कोपखाली गर्भ बघितला आणि मनात आलं की यात आणि माझ्या पोरींत फरक तो किती, गर्भ न फोडता दुसरा रस्ता असलाच पाहिजे. २००६ ला उंदराच्या आणि २००७ ला माणसाच्या साध्या कातडीच्या पेशींना चार जीन्स घालून मागे फिरवलं, म्हणजे गर्भाच्या स्टेम सेलसारखं बनवलं, २०१२ ला नोबेल. देवळात न जाता बसलेला संकोच होता तो, त्याने लॅब थांबवली नाही, दुसरीकडे वळवली. पण अर्धं सांगू नको, गर्भाच्या पेशींवर आधी काम झालं नसतं तर कुठले जीन्स घालायचे ते यामानाकांना कळलं नसतं, हे पण आजीला सांग. तिला चालेल की नाही ते ती ठरवेल.

मला राग देवाधर्माच्या लोकांचा येत नाही, दुकानदारांचा येतो. माझ्या चुलतभावाच्या पोराला स्नायू झिजायचा आजार, एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकने स्टेम सेलची इंजेक्शनं दिली, दीड एकर विकलं त्यांनी. गाईडलाईन्सप्रमाणे रक्ताचे आणि अजून काही ठरावीक आजार सोडले तर बाकी सगळं अजून ट्रायलच आणि ट्रायलला पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. पोरगं आता व्हीलचेअरवर आहे. त्या क्लिनिकच्या भिंतीवर धन्वंतरीचा केवढा मोठा फोटो होता.

कानबाईला, आपल्या खानदेशच्या सणाला, घरी येशीलच. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषमाणसांमागे सव्वा-सव्वा मूठ गहू घेतात (बायकांची मूठ का नाही, हे भांडण आमच्या घरी दरवर्षी होतं), तेव्हा आजीच्या सुपाजवळ बस आणि विचार, सून पोटुशी असली तर पोटातल्याची मूठ धरायचे का गं, आणि कितव्या महिन्यापासून. मध्ये बोलू नको, ऐकून घे. मग मला कळव. आणि येताना सावद्याहून केळीचे वेफर्स आण, तिखट नको.

तुझा सर