थंडीत गाडी वळणावर ढिली वाटते: हवा भरायची की नाही?

तुमचा प्रश्न असा: उन्हाळ्यात चारही टायरमध्ये ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरली होती. आता सकाळी ३२ दिसते आणि गाडी वळणावर ढिली वाटते. थोडं चालवलं की आकडा पुन्हा ३५-३६ वर जातो. मग हवा भरायची गरज आहे का?

हो, भरा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असेल आणि टायरवर ऊन पडत नसेल, तेव्हाच तो मोजायचा. स्टिकरवर ३६ असेल आणि चालवून तापलेला टायर ३६ दाखवत असेल, तर त्यात हवा कमीच आहे. (टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, त्यानुसार भरू नका.)

चार पीएसआय गेले म्हणजे पंक्चरच असं नाही. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतं, म्हणून ३६ मध्ये वातावरणाच्या दाबाचे १४.७ मिळवा: ५०.७. तापमान ३० अंशांवरून ५ वर आलं, म्हणजे केल्व्हिनमध्ये (सेल्सिअस अधिक २७३) ३०३ वरून २७८. ५०.७ ला २७८ ने गुणून ३०३ ने भागा, मग १४.७ वजा करा: ३२ च्या किंचित खाली. ढोबळ हिशेब दर ५-६ अंशांना १ पीएसआय. नायट्रोजन भरला तरी हेच होतं. मात्र एकच टायर इतरांपेक्षा जास्त उतरत असेल, तर व्हॉल्व्ह आणि रिमची कड साबणाच्या पाण्याने तपासा.

ढिलेपणा येतो तो साइडवॉलमुळे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीमुळे. स्टिअरिंग फिरवलं की आधी रिम वळते, मग साइडवॉल पिळली जाते आणि त्यानंतर ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) दिशा बदलतो. हवा कमी असली की हा पीळ वाढतो आणि गाडी उशिरा प्रतिसाद देते. लागोपाठ डावं-उजवं वळण घेताना हे लगेच जाणवतं. पुढचे दोनच टायर उतरले असतील तर नाक वळणाबाहेर जातं, मागचे उतरले असतील तर मागची बाजू सैल होते. म्हणून स्टिकरवर पुढचे-मागचे आकडे वेगळे असतील तर तो फरक तसाच ठेवा.

आता महत्त्वाचा भाग. तुमच्या गाडीला उन्हाळी परफॉर्मन्स टायर असतील, तर साधारण ७ अंशांखाली त्यांचं रबर कडक होऊ लागतं, आणि त्यावर हवेचा इलाज नाही. लक्षणंही वेगळी असतात: स्टिअरिंग चटकन उत्तर देतं, पण पकड अचानक सुटते आणि साध्या ब्रेकलाही एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सुरू होतो. अशा वेळी पकड वाढावी म्हणून हवा कमी करू नका. ट्रॅकवर थंड टायरमध्ये हवा कमी ठेवतात, कारण तिथे टायर खूप तापून दाब बराच चढतो. थंडीतल्या रस्त्यावर तो तेवढा तापतच नाही. शिवाय ओल्या रस्त्यावर कमी हवेचा टायर कमी वेगातच पाण्यावर तरंगतो. सतत ७ च्या खाली चालवायचं असेल तर हिवाळी टायरच घ्या. कडाक्याच्या थंडीत, उणे ७ च्या आसपास आणि त्याखाली, काही उन्हाळी टायरच्या रबराला तडे जाऊ शकतात. तेव्हा गाडी हलवूसुद्धा नका.

हवा सकाळी, निघण्याआधी, घरच्याच गेजने मोजून भरा. पंप दूर असेल तर घरी थंड टायर किती कमी आहे ते टिपून घ्या आणि तिथे पोचल्यावर जो गरम आकडा दिसेल त्यात तेवढेच पीएसआय वाढवा. गाडी २० अंशांच्या गॅरेजमध्ये असेल आणि बाहेर शून्य असेल, तर आत मोजताना स्टिकरपेक्षा साधारण साडेतीन पीएसआय जास्त ठेवा. दाबाचा इशारा देणाऱ्या दिव्यावर विसंबू नका: बऱ्याच गाड्यांत तो २० ते २५ टक्के घट झाल्यावरच लागतो, आणि ३६ वरून ३२ ही घट जेमतेम ११ टक्के आहे.