एएस रिपोर्ट, एमसीव्ही ६८ आणि एका अक्षराचा बदल

तुमचा रिपोर्ट 'एएस', म्हणजे तुम्ही सिकल सेल आजाराचे वाहक; एचबीएस (सिकल हिमोग्लोबिन) ३७ टक्के. होणाऱ्या बायकोची सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलची प्राथमिक चाचणी) निगेटिव्ह, पण एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ६८, म्हणजे कमी. 'तिला सिकल नाही, म्हणजे मुलांची काळजी मिटली ना?' हा तुमचा प्रश्न. अजून नाही मिटलेली. आधी तिची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) करा.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकात डीएनएचं कोणतं अक्षर बदललंय, यावर सगळं ठरतं. तुमच्या दोनपैकी एका प्रतीत जीएजीचं जीटीजी झालंय, म्हणून सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. (डीएनए रिपोर्टमध्ये हीच जागा सातवी लिहितात, कारण तिथे सुरुवातीचं मेथिओनिनही मोजतात. दोष एकच.) ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिन मात्र पाणी टाळतं. ऑक्सिजन सोडला की ते शेजारच्या रेणूच्या खाचेत अडकतं, हिमोग्लोबिनचे लांब धागे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. तुमचं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन साधं आहे, म्हणून एरवी त्रास नाही. जीएजीचं जीएए झालं असतं तर ग्लुटामिक आम्लच राहिलं असतं, काही बिघडलं नसतं.

तिची एमसीव्ही कमी असण्यामागे बीटा थॅलेसेमिया, म्हणजे बीटा साखळी कमी बनण्याचा आनुवंशिक दोष, असू शकतो. भारतात त्याचा सर्वाधिक आढळणारा बदल, आयव्हीएस १-५, प्रथिनाच्या मजकुरात नसतोच. पहिल्या इंट्रॉनच्या (जनुकातला, आरएनए जोडताना कापून टाकला जाणारा भाग) पाचव्या जागी जीचं सी होतं, आरएनएची जोडणी चुकते आणि बीटा साखळी फारच कमी तयार होते. सोल्युबिलिटी टेस्टला हा दिसत नाही. ती फक्त एचबीएस पकडते. होणाऱ्या बायकोत असा बदल असेल तर प्रत्येक गरोदरपणात सिकल-बीटा थॅलेसेमियाची शक्यता २५ टक्के, आणि तो एसएसइतकाच (दोन्ही प्रतींत सिकलचा दोष) त्रासदायक ठरू शकतो.

पुण्यात मोठ्या लॅबमध्ये एचपीएलसी सहज होते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये २-३ मिली रक्त लागतं, उपाशी राहायची गरज नाही. सोबत सीबीसी आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर थांबा, आकडे फसवतात. एचपीएलसीत एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ४ टक्क्यांच्या वर असेल तर बहुधा थॅलेसेमियाची वाहक. ३.५ ते ४ च्या दरम्यान असून फेरिटिन कमी असेल तर आधी लोह भरून काढा आणि मग टेस्ट पुन्हा करा, कारण लोह कमी असताना एचबीए२ खाली दिसू शकतो. नुसती एमसीव्ही पाहून महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या देत राहणं मला चुकीचंच वाटतं.

ती वाहक निघाली तरी लग्न मोडायचं काही कारण नाही. गरोदरपणाआधी दोघांचे बदल डीएनए चाचणीने निश्चित करून ठेवा. ११व्या आठवड्यापासून वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते, पण लॅबला नेमकं कोणतं अक्षर शोधायचं ते आधी माहीत असावं लागतं.