ध्यान लावणे आणि ध्यान लागणे

जालन्याहून एका वाचकाने विचारले आहे की, त्यांच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, काही जण आठवड्यातून एका संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमतात आणि इंग्रजीत जिला ‘कॉन्टेम्प्लेटिव्ह प्रेअर’ म्हणतात ती शब्दांवाचूनची ख्रिस्ती प्रार्थना मिळून शिकतात. या गटाचे मराठी पत्रक काढायचे आहे, परंतु शब्दापाशीच गाडी अडली आहे. ‘चिंतनशील प्रार्थना’ हा शब्द एका अनुवादात सापडला, पण तो कानाला रुचत नाही. ‘ध्यानधारणा’ लिहिले की मंडळीतील वडीलधारे हरकत घेतात. नुसते ‘प्रार्थना’ लिहिले, तर नवीन येणारा माणूस आळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करण्याच्या तयारीने येतो आणि अर्धा तास सगळे गप्प का बसले आहेत हे न कळून अवघडतो. त्यांच्या आजी मात्र या सगळ्याला ‘देवापाशी गप बसणं’ म्हणतात. नेमका शब्द कोणता, आणि अशा गटाच्या ‘स्पिरिच्युअल फॉर्मेशन’ला मराठीत काय म्हणावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

‘चिंतनशील प्रार्थना’ हा शब्द न रुचण्याला सबळ कारण आहे. ‘-शील’ हा प्रत्यय स्वभाव सांगतो, म्हणून तो मराठीत बहुधा माणसाला लागतो: सहनशील सून, चिंतनशील लेखक. प्रार्थनेला स्वभाव चिकटवला की वाक्य लगेच भाषांतरासारखे वाटू लागते. त्याहून मोठी अडचण मूळ शब्दाचीच आहे. चिंतन म्हणजे विचार करणे, आणि या प्रार्थनेत तर विचार आले तरी त्यांच्या मागे जायचे नाही अशीच शिकवण आहे. शिवाय आपल्या मंडळ्यांमध्ये ‘आजचे चिंतन’ म्हणजे वचनावरचे छोटेसे भाष्य, हा अर्थ इतका रुळलेला आहे की ‘चिंतनशील प्रार्थना’ वाचणाऱ्याला वाटणार, आधी कोणीतरी बोलणार आणि मग प्रार्थना होणार.

येथे परंपरेतील शब्दांची मूळ वाटणी पाहिली पाहिजे. बाराव्या शतकात कार्थुसियन संन्यासी दुसरा ग्विगो याने मठवासीयांसाठी एक शिडी मांडली आणि तिला लॅटिन नावांच्या चार पायऱ्या सांगितल्या: लेक्तिओ, मेदितातिओ, ओरातिओ आणि कोन्तेम्प्लातिओ. पहिल्या दोन पायऱ्यांना मराठी शब्द शोधावे लागत नाहीत. पहिली वाचन आणि दुसरी मनन. मराठी बायबलात पहिल्याच स्तोत्रातला धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो. तेथील हिब्रू क्रियापदाचा अर्थ खरे तर पुटपुटणे, घुमणे असा आहे, आणि यशयाच्या पुस्तकात तेच क्रियापद पारव्याच्या घुमण्यासाठी आणि सिंहाच्या गुरगुरण्यासाठीही आले आहे. मनन म्हणजे तोंड मिटून विचारात गढणे, हा आपला समज त्यामुळे थोडा सैल करावा लागतो. तिसरी पायरी अर्थातच प्रार्थना.

चौथीपाशी आले की संस्कृत जाणणाऱ्याला बृहदारण्यक उपनिषदातील श्रवण, मनन आणि निदिध्यासन (ऐकून, मनन करून कळलेल्याचा अखंड ध्यास) ही त्रयी आठवते, आणि ‘निदिध्यासन’ शब्द उचलून घेण्याचा मोह होतो. तो मी आवरेन. निदिध्यासन हा शब्द पत्रकावर कोणी वाचणार नाही, हे एक कारण झालेच. पण दोन मांडण्या शेजारी ठेवल्या तर खरा फरक दिसतो. उपनिषदातील क्रमात मननानंतर सरळ निदिध्यासन येते, ग्विगोच्या शिडीत मात्र मनन आणि शेवटची पायरी यांच्यामध्ये मागणे आहे. मनन करून जे कळले ते आपल्या हातचे नाही असे जाणवल्यावर माणूस ते मागतो, आणि पुढची पायरी त्या मागण्याला मिळालेले उत्तर असते. मराठी शब्द निवडताना हे मागणे आणि मिळणे त्यात शिल्लक राहील का, हाच माझ्या मते कस आहे.

काही जण ‘मौनप्रार्थना’ सुचवतील. शब्द सुंदर आहे, पण आपल्याकडे पत्रकावर ‘मौन’ दिसले की वाचणारा शोकसभेची वेळ पाहू लागतो, आणि व्रतवैकल्यांमुळे मौन हे प्रामुख्याने तोंडाचे मानले जाते. मनात बाजार भरलेला असतानाही मौन पाळता येते.

आता ‘ध्यान’. मराठीत हा शब्द केवळ योगशास्त्राचा राहिलेला नाही. आपण एखादी गोष्ट ध्यानात ठेवतो, काही घटना ध्यानीमनी नसताना घडतात, आणि वेंधळ्या पोराकडे पाहून ‘काय ध्यान आहे!’ असेही म्हणतो. तुकोबांच्या ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ या ओळीत तर ध्यान म्हणजे पाहणाऱ्याची क्रिया नव्हेच. जे रूप पाहायचे ते रूपच ध्यान आहे. लॅटिन कोन्तेम्प्लातिओच्या मुळाशीही पाहणे आहे आणि त्यासाठीच्या ग्रीक ‘थेओरिया’ शब्दातही पाहणेच आहे. पाहणारा आणि पाहिलेले रूप या दोन्ही बाजू एका शब्दात सामावून घेण्याची सोय मराठीने आधीच करून ठेवली असेल, तर ती वापरायला आपण का लाजावे?

त्याहूनही मोलाची गोष्ट क्रियापदात आहे. मराठीत ध्यान लावता येते आणि ध्यान लागतेही. ‘मी ध्यान लावले’ यात कर्ता मी आहे. ‘माझे ध्यान लागले’ यात माझ्याकडून काही घडलेले नाही, मला काही घडले आहे. झोप, तहान, गोडी आणि ओढ या सगळ्यांना आपण ‘लागणे’ हेच क्रियापद देतो. पुढच्या काळातील कॅथलिक लेखकांनी प्रयत्नाने साधलेले ध्यान आणि देवाने ओतलेले ध्यान असा भेद केला, आणि त्यासाठी त्यांना दोन वेगळी विशेषणे योजावी लागली. आविलाची तेरेसा या स्पॅनिश संन्यासिनीने १५७७ साली लिहिलेल्या ‘अंतरीचा किल्ला’ या ग्रंथातील चौथ्या महालात, म्हणजे चौथ्या भागात, हाच भेद दोन हौदांनी समजावला आहे: एका हौदात लांबून नळांनी, कारागिरी करून पाणी आणलेले, दुसरा झऱ्यावरच बांधलेला आणि आवाज न करता भरणारा. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्या माणसाला पहिला हौद समजावून सांगावा लागत नाही. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी तेथवर पाणी आणण्यात किती खटाटोप आहे हे तो जाणतो. तेरेसेने दोन हौद बांधून जे सांगितले, ते मराठीत ‘लावणे’ आणि ‘लागणे’ एवढ्यावर भागते. गटात शिकवता येते ते लावणे. लागणे शिकवता येत नाही, आणि गटाने तसा दावाही करू नये.

वडीलधाऱ्यांची हरकत मी हसण्यावारी नेणार नाही. ‘ध्यानधारणा’ या जोडशब्दातील धारणा आणि ध्यान ही पतंजलीच्या अष्टांगांतील सहावी आणि सातवी अंगे आहेत, आणि ती नावे तेथून आली आहेत हे खरेच आहे. ध्यानपद्धतींविषयी सावधगिरी सांगणारे पत्र १९८९ साली खुद्द व्हॅटिकनने काढले होते. मात्र त्या पत्राने पौर्वात्य पद्धती सरसकट त्याज्य ठरवल्या नाहीत, प्रार्थनेतील देव आणि माणूस यांचा संवाद गमावू नका असे बजावले. म्हणून ‘धारणा’ सोडून द्यावी आणि ‘ध्यानप्रार्थना’ लिहावे. समासात प्रार्थना शेवटी आली की मुख्य पद तेच राहते, आणि ग्विगोच्या शिडीतले मागणेही सुटत नाही. ज्यांना तरीही शंका राहील त्यांना मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील दार लावून घेतलेली खोली आणि व्यर्थ बडबडीविषयीचा इशारा दाखवावा.

‘जप’ आणि ‘नामस्मरण’ हे शब्द मात्र सरसकट वापरू नयेत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठांतील ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ या प्रार्थनेला नामस्मरण म्हणणे चपखल आहे. बेनेडिक्टाइन संन्यासी जॉन मेन यांच्या पद्धतीत ‘मारानाथा’ (प्रभू, ये) हा शब्द बसल्यापासून उठेपर्यंत म्हणत राहायचा असतो, त्यालाही जप म्हणता येईल. पण अमेरिकेतील स्पेन्सरच्या मठात थॉमस कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात जी पद्धत मांडली, तिच्यात निवडलेला शब्द सतत म्हणायचा नसतो. मन विचारामागे गेले असे लक्षात आले की हळूच त्या शब्दाकडे वळायचे, एवढेच. तेथे ‘जप’ लिहिले तर नवशिका पहिल्याच दिवशी चुकीचे शिकेल. येशूसंघाचा संस्थापक इग्नाती लोयोला याच्या साधनेतील ‘कॉन्टेम्प्लेशन’ आणखी वेगळे आहे, कारण त्यात शुभवर्तमानातील प्रसंग डोळ्यांपुढे उभा करून माणसे पाहायची आणि त्यांचे बोलणे ऐकायचे असते. त्याला आपल्या ‘मानसपूजे’च्या धर्तीवर ‘मानसदर्शन’ म्हणावे, असे माझे मत आहे.

आता आजींच्या शब्दाकडे. ‘देवापाशी गप बसणं’ यातील ‘पाशी’ मला फार अचूक वाटते. स्तोत्र १३१ अवघ्या तीन वचनांचे आहे आणि त्यात दूध तुटलेले लेकरू आईपाशी असते तसा माझा जीव आहे असे म्हटले आहे. म्हणजे ते लेकरू आता दुधासाठी आलेले नाही. आणि ‘बसणे’ तर मराठवाड्यात नेहमीचेच: लोक भजनाला बसतात, पैठणच्या नाथांच्या ग्रंथाच्या पारायणाला बसतात. ‘-ला बसणे’ यात ठरलेली वेळ, नेम आणि सोबत हे तिन्ही येते. (‘आज बसायचं का?’ या प्रश्नाचा शहरी अर्थ मला ठाऊक आहे, पण त्यासाठी चांगले क्रियापद टाकून देण्याची गरज नाही.) ‘ध्यानप्रार्थनेला बसणे’ हा प्रयोग म्हणूनच बिनधोक करावा. मिळून वचन वाचतानाही हे बसणे दिसते. एक जण उतारा सावकाश वाचतो, सगळे थांबतात, पुन्हा वाचतो, मग ज्याच्या मनात जो शब्द रेंगाळला तो तेवढाच शब्द म्हणतो. कोणी ‘विसावा’ म्हणतो, कोणी ‘जू’, आणि पंख्याच्या घरघरीखेरीज त्यावर कोणी काही बोलत नाही. स्पष्टीकरण न देणे हेच सुरुवातीला सर्वांत अवघड जाते, विशेषतः ज्यांना वर्षानुवर्षे घरसभा चालवण्याची सवय आहे त्यांना.

‘फॉर्मेशन’साठी ‘घडण’ पुरे आहे, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘आध्यात्मिक’पेक्षा ‘आत्मिक’ रुळलेले असल्याने ‘आत्मिक घडण’ लिहावे. येथेही जोडी तीच आहे: माणूस घडतो आणि घडवला जातो. पौलाने गलतीकरांना लिहिताना ख्रिस्ताचे स्वरूप तुमच्यामध्ये निर्माण होईपर्यंत मला वेणा होत आहेत असे म्हटले. घडवणारा तेथे गट नाही. समूहाला ‘मंडळ’ म्हणू नये, कारण ‘मंडळी’शी घोटाळा होईल, ‘बैठक’ही नको, कारण ‘बैठकीला जाणे’ याला महाराष्ट्रात एका विशिष्ट संप्रदायाचा अर्थ आला आहे. साधा ‘गट’ चालेल. गटाला वाट दाखवणाऱ्या व्यक्तीला मात्र ‘आत्मिक संचालक’ म्हणू नये, जसे काही भाषांतरांत दिसते. संचालक कारखान्याला आणि सहकारी बँकेला असतात, आणि या कामात निम्म्याहून अधिक वेळ ऐकण्यातच जातो. ‘आत्मिक मार्गदर्शक’ हा शब्द रुळलेला आहे, तो ठेवावा. तोही भारी वाटत असेल तर ‘सोबती’ लिहावे.