केस विरघळत नाहीत, ओढून काढावे लागतात

घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत इंदूरहून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी बाथरूमच्या तुंबलेल्या मोरीबद्दल आहेत. त्यांतल्या पाच प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : सुदामा नगरात आमचं स्वतःचं घर आहे, बांधून बारा वर्षं झाली. घरात आम्ही तिघी लांब केसांच्या. न्हाऊन होईपर्यंत पाणी घोट्याला लागतं आणि उतरायला वीस मिनिटं घेतं. दर तीन-चार महिन्यांनी प्लंबर येऊन अ‍ॅसिड ओततो. आठ दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. काही कायमचा उपाय आहे का?

उत्तर : ताई, अ‍ॅसिड ओतणं आधी थांबवा. केस केराटिनचे असतात, नखांसारखेच, आणि संडास धुवायच्या अ‍ॅसिडने ते विरघळत नाहीत. अ‍ॅसिड खातं तो केसांवर बसलेला पांढरा क्षार. तेवढा गेला की केसांच्या गुंत्यातून पाण्याला वाट मिळते, म्हणून आठ दिवस बरे जातात. गुंता मात्र जागच्या जागी असतो आणि त्यावर नवे केस अडकत राहतात. शिवाय अ‍ॅसिडने टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट झिजतं. पुढे तिथून पाणी खाली झिरपायला लागलं, तर ते काम मोरी साफ करण्यापेक्षा कितीतरी महाग पडेल.

आधी अडथळा कुठे आहे ते पाहा. मोरी कोरडी असताना २० लिटरची भरलेली बादली एकदम ओता. पाणी लगेच वर साठलं, तर गुंता जाळीखाली किंवा नहाणी ट्रॅपच्या (मोरीच्या भोकाखालच्या वाकड्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भागाच्या) वळणात आहे. पहिली बादली झरकन गेली आणि दुसरीला पाणी वर आलं, तर अडथळा पुढच्या आडव्या पाइपात आहे. तुमच्या वर्णनावरून पहिलीच शक्यता जास्त वाटते.

आता जाळी काढा. ती दोन स्क्रूंवर असते किंवा फिरवून निघणारी असते. स्क्रू गंजले असतील तर गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. जाळी पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवली असेल तर जुन्या सुरीने भोवती चर पाडून मगच उचका. हातोडी मारू नका, टाइलची कड उडते. जाळीखाली बहुधा उलटी वाटी असते. ती उचलली की निम्मे केस तिच्या भोवतीच गुंडाळलेले सापडतात. रबरी हातमोजे घालून ते काढा.

त्यानंतर काटेरी प्लॅस्टिकची पट्टी घ्या. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारा, साधारण ५० सेंटिमीटर लांबीची येते. अडेल तिथपर्यंत आत सारा, दोन-तीन वेळा पिळा आणि सावकाश बाहेर ओढा. झटका दिला तर गुंता तुटतो आणि अर्धा आतच राहतो. पट्टी स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे करत राहा, चार-पाच खेपा सहज लागतात. पट्टी नसेल तर जाड जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेच्या टोकाला अर्ध्या सेंटिमीटरचा आकडा करा. मोठा आकडा पाइपाच्या सांध्यात अडकून बसतो.

पट्टी पोहोचत नसेल तर ३ ते ५ मीटरची प्लंबरची स्प्रिंग लागते. आत जाताना ती उजवीकडे फिरवत न्या आणि बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवत राहा. इथे पुष्कळ जण चुकतात. उलटी फिरवली की पकडलेले केस सुटतात आणि स्प्रिंगला पीळ पडून ती वाकडी होते.

रबरी पंप सगळ्यात शेवटी. आधी पंप मारला तर केस वळणात आणखी घट्ट बसतात. पंपाचा रबर बुडेल एवढं, म्हणजे दोन-तीन इंच पाणी हवं. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. वॉश बेसिनचा पाइप बऱ्याच घरांत याच ट्रॅपला जोडलेला असतो. बेसिनचं भोक ओल्या फडक्याने दाबून बंद केलं नाही, तर सगळा जोर तिकडून निघून जातो आणि बेसिनमधून घाण वर उसळते. पंधरा-वीस वेळा मारा. काम दाबण्यापेक्षा वर खेचण्याने जास्त होतं. शेवटी भांड्यांचा लिक्विड साबण चमचाभर टाकून गरम पाण्याच्या दोन बादल्या ओता आणि वाटी परत बसवा.

प्रश्न : खायचा सोडा आणि व्हिनेगर टाकून वरून उकळतं पाणी ओतावं असं सगळे सांगतात. बाजारात मिळणारी पावडर वापरू का?

उत्तर : सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. फेस बसल्यावर उरतं ते खारट पाणी, त्याने केस सुटत नाहीत. वास थोडा कमी होतो, एवढंच.

उकळतं पाणी तर मुळीच नको. निचऱ्याचे पीव्हीसी पाइप साधारण ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी धरलेले असतात, त्यापुढे ते मऊ पडायला लागतात आणि सांधे सैल होतात. उकळत्या पाण्यात तेवढंच नळाचं पाणी मिसळा, म्हणजे ते ६० अंशांच्या आसपास येतं. तेलाचा आणि साबणाचा थर सुटायला तेवढी ऊब पुरते.

पावडरमध्ये कॉस्टिक सोडा असतो. तो केसांवर खरोखर काम करतो, कारण तीव्र अल्कलीने केराटिन तुटतं. पण मोरीत पाणी साठलेलं असताना टाकला तर तो एक तर पाण्यात विरून सौम्य होतो, नाहीतर ट्रॅपच्या तळाशी जाऊन दगडासारखा बसतो. तो गोळा काढणं केस काढण्याहून अवघड. म्हणून पाणी पूर्ण अडलं असेल तेव्हा पावडर नको. मोरी फक्त मंदावली असेल तर पुड्यावर लिहिलेल्या मापानेच टाका, डोळ्यांना चश्मा आणि हातांत मोजे घालून. पावडर टाकल्यावर पंप किंवा तार मारू नका, तोंडावर उडतं. प्लंबरला बोलावलंत तर आत काय ओतलंय ते त्याला आधी सांगा, त्याचे हात त्यात जाणार आहेत. अ‍ॅसिडच्या मागोमाग कॉस्टिक कधीच नको, पाणी उसळून अंगावर येतं. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि तसेच डॉक्टरकडे जा.

प्रश्न : टिळक नगरात फ्लॅट आहे. जाळीखालची वाटी पाणी अडवते म्हणून प्लंबरने ती काढून टाकली. पाणी आता छान जातं, पण रात्री वास येतो आणि झुरळं निघतात. वाटी परत लावावी का?

उत्तर : टॉर्च लावून भोकात पाहा. खाली पाणी चमकताना दिसलं तर वळणाचा ट्रॅप आहे. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं आणि तेच गटाराचा वायू अडवतं. तसं असेल तर वास गटाराचा नसून ट्रॅपच्या वरच्या भिंतीला चिकटलेल्या केसांचा आणि साबणाच्या चिकट्याचा आहे. जुन्या टूथब्रशने घासून काढा. पाणी न दिसता काळोखा सरळ पाइप दिसला, तर ती वाटी हाच तुमच्याकडचा एकमेव अडसर होता. ती आजच परत लावा आणि आठवड्याला उचलून साफ करा.

प्रश्न : महिनाभर घर बंद ठेवून परत आल्यावर बाथरूमला भयंकर वास येतो. हेही केसांमुळेच का?

उत्तर : नाही. ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात सुकतं. दोन तांबे पाणी ओता, वास जाईल. पुढच्या वेळी निघताना त्या पाण्यावर दोन चमचे खाण्याचं तेल सोडा, ते वर तरंगतं आणि पाणी उडू देत नाही.

प्रश्न : केस मोरीत जाऊच नयेत म्हणून काय करावं? दिवाळीनंतर तर आमच्याकडे दर वर्षी तुंबतं. आणि वरच्या मजल्यावर कुणी न्हायलं की आमच्या मोरीतून गुडगुड आवाज येऊन पाणी वर येतं, ते का?

उत्तर : आधी केसांचं. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतात. तीन दिवसांनी न्हायलं तर मधल्या दिवसांचे गळलेले केस बरेचसे डोक्यातच अडकलेले असतात आणि ते एकदम मोरीत जातात. म्हणून न्हाण्याआधी कोरडे केस वर्तमानपत्रावर नीट विंचरा. इतका बिनखर्चाचा दुसरा उपाय आम्हाला माहीत नाही. जाळीवर २ ते ३ मिलिमीटर भोकांची स्टीलची बारीक जाळी ठेवा. त्याहून बारीक घेतली तर साबणानेच बुजते. न्हाणं झाल्यावर तिच्यावरचे केस लगेच, ओले असतानाच उचला आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. कमोडमध्ये टाकलेले केस पुढच्या सांध्यात अडकतात.

दिवाळीचं कारण सरळ आहे. अभ्यंगस्नानाला घरातले सगळे तेल आणि उटणं लावून एकाच सकाळी न्हातात. तेल केसांना चिकटतं, उटण्याचा भुगा त्यात बसतो आणि घट्ट गोळा तयार होतो. शिकेकाई आणि रिठ्याची पूड तशीच, ती उकळून फडक्याने गाळूनच वापरा. उटणं अंगावर थोडं सुकू द्या, जुन्या पंच्याने पुसून काढा आणि मग पाणी घ्या. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी वाटी साफ केलेली असली तर उत्तमच.

बोरिंगचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे साबणाचा न विरघळणारा पांढरा साका तयार होतो आणि तोच केसांना एकमेकांशी जखडतो. न्हायला नळाला येणारं नर्मदेचं पाणी ठेवता आलं तर ठेवा, नाहीतर डोक्याला साबणाऐवजी शाम्पू वापरा, त्याचा असा साका होत नाही. वाटी आठवड्याला, काटेरी पट्टी महिन्याला, एवढा नेम लांब केसांच्या घराला पुरतो.

वरच्यांचं पाणी तुमच्या मोरीतून येतं, तो दोष तुमच्या ट्रॅपचा नाही. अडथळा खालच्या सामाईक लाइनीत किंवा चेंबरमध्ये आहे, पंप मारून काही होणार नाही. तोवर वरच्यांना पाणी सोडू नका म्हणून सांगा. अंगणातल्या चेंबरची झाकणं एकेक करून उघडा. भरलेल्या चेंबरच्या पुढचं चेंबर रिकामं दिसलं, तर अडथळा त्या दोघांच्या मधल्या पाइपात आहे. रिकाम्या चेंबरकडून भरलेल्याकडे स्प्रिंग किंवा बांबूची खपच्ची सारा आणि बाजूला उभे राहा, कारण अडथळा सुटला की पाणी जोरात येतं. घराचं शेवटचं चेंबरही भरलेलं असेल तर अडथळा रस्त्यावरच्या लाइनीत आहे, त्याची तक्रार महापालिकेच्या इंदौर ३११ अ‍ॅपवर करा. कुठल्याही खोल चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणसाला उतरवू नका. आतल्या वायूने क्षणात शुद्ध हरपते, आणि सेप्टिक टँक किंवा गटार साफ करायला माणसाला असं सुरक्षेशिवाय उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. काम वरून उभं राहून होत नसेल, तर मशीनची गाडी बोलवा.