व्हिओला, व्हिओलांव की गितारा?

प्रश्न असा आहे: ‘ॲपवर पोर्तुगीज शिकताना गिटारला व्हिओलांव हा शब्द मिळाला. लिस्बनमध्ये राहणारा मित्र म्हणतो, इथे व्हिओला म्हणतात. शब्दकोशात तर गितारा आहे. यातलं बरोबर कोणतं?’

तिन्ही बरोबर. फक्त ते सगळीकडे एकाच वाद्याला लागत नाहीत, घोळ तिथे आहे.

तुमचं ॲप ब्राझीलची पोर्तुगीज शिकवत असणार. गॅदरिंगमध्ये पोरं वाजवतात ती 6 तारांची साधी गिटार तिकडे व्हिओलांव. नुसतं ‘गितारा’ म्हणालात तर इलेक्ट्रिक गिटार हातात येईल. शेवटचा ‘आंव’ हा थोरपणाचा प्रत्यय: पोर्ता म्हणजे दार, पोर्तांव म्हणजे फाटक. तशी व्हिओलांव ही थोरली व्हिओला. मग धाकटी कुठे? ब्राझीलच्या साओ पावलो, मिनास जेराइस या राज्यांतल्या खेड्यापाड्यांत. अंगाने लहान, 5 जोड्यांत 10 तारा. ‘व्हिओला’ हे नाव तिने आधीच अडवून ठेवलंय.

पोर्तुगालमध्ये ‘गितारा’ हे नाव अडवणारी दुसरीच आहे. फादो म्हणजे पोर्तुगालचं हुरहुर लावणारं गाणं; त्याच्या बैठकीत गायकामागे दोन वाद्यं असतात. एक नासपतीच्या आकाराचं, 6 जोड्यांत 12 तारांचं, तारा पिळायचे स्क्रू पंख्यासारखे पसरलेले. लिस्बनचं असेल तर डोक्याशी गोगलगायीसारखं वेटोळं, कोइंब्रा शहराचं असेल तर थेंब. ही गितारा. शेजारी साथीला बसलेली आपली ओळखीची गिटार ती व्हिओला, आणि वाजवणारालाही नुसतं ‘व्हिओला’ म्हणतात. (आपण ‘आज पेटीला कोण?’ विचारतो, त्याच्याही एक पाऊल पुढे.) साहजिकच गजाने वाजवायच्या व्हायोलाला तिथे ‘व्हिओला द आर्कु’, म्हणजे गजाची व्हिओला, असं शेपूट लावावं लागतं.

मला यात गंमत वाटते ती ही: ज्या गावात जे वाद्य घरचं, त्याला बिनशेपटाचं नाव मिळतं. आपल्याकडे दिंडीतल्या वीणेकऱ्याच्या गळ्यातली ती वीणा. ती चेन्नईच्या माणसाला दाखवा. तो म्हणेल, हा तर लहानसा तंबोरा, याचे पडदे कुठे गेले?

गिटारवरच थांबलात तर सुटलात, कारण ‘गाइता’ त्याहून वाईट आहे. पोर्तुगालच्या ईशान्येकडच्या डोंगराळ भागात गाइता म्हणजे बॅगपाइप. ब्राझीलमध्ये बहुतेक ठिकाणी माउथ ऑर्गन. पण त्याच ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे दो सुलमध्ये, गाइता म्हणजे ॲकॉर्डियन. म्हणून तिथे माउथ ऑर्गन झाला ‘तोंडाचा गाइता’. ब्राझीलच्या ईशान्येत ॲकॉर्डियनला सांफोना म्हणतात. तिथल्या लुइझ गोंझागा या गायकाने गळ्यात अडकवून देशभर गाजवली ती हीच. पोर्तुगालमध्ये मात्र सांफोना म्हणजे चाक फिरवून तारा घासायचं एक जुनं वाद्य, ॲकॉर्डियनशी काही नातं नाही. बिरिंबाउचंही तेच: ब्राझीलमध्ये कापोएराच्या, म्हणजे नाचासारख्या लढण्याच्या खेळाच्या, रिंगणातलं भोपळा बांधलेलं धनुष्य; पोर्तुगालमध्ये दातांशी धरायचं मोरचंग.

पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द या बेटांच्या देशात, सांतियागो बेटावर गाइता पुन्हा ॲकॉर्डियनच, बटणांचा. त्याच्या जोडीला ‘फेर्रिन्यु’ असतो, शब्दशः ‘छोटं लोखंड’. पोर्तुगालमध्ये याच शब्दाच्या अनेकवचनाने ट्रँगल समजतात. सांतियागोत ती लोखंडाची लांब पट्टी असते. खांद्याला टेकवून उभी धरायची आणि सुरीने खरखर घासायची.

तुमच्यापुरतं सांगायचं तर लिस्बनच्या दुकानात ‘गितारा क्लासिका’ मागा, संगीतशाळांतही तोच शब्द चालतो. नुसती गितारा मागितलीत तर दुकानदार बहुधा विचारेल, फादोची की इलेक्ट्रिक?